कंपनी गेली, रिकॉल राहिला!

सेकंड हँड गाडी घेताना आपण किलोमीटर बघतो, टायर बघतो, बॉनेट उघडून उगाच मान डोलावतो आणि मग घासाघीस करतो. पण ज्या कंपनीचं दुकानच बंद झालंय, तिच्या गाडीतला एखादा जीवघेणा दोष दुरुस्त व्हायचा राहिलाय का, हे कोण बघणार? उत्तर सोपं आहे. तुम्ही! आणि त्याला पाच मिनिटं पुरतात.

ऑगस्ट उजाडला की अमेरिकेतल्या युनिव्हर्सिट्यांच्या इंडियन स्टुडंट्स ग्रुपवर एक प्रश्न हमखास फिरतो, ‘जुनी गाडी कुणी विकतंय का?’ एमएसला नुकत्याच पोहोचलेल्या मुलांना लवकरच कळतं की, तिथल्या बऱ्याच गावांत गाडीशिवाय साधी भाजी आणायचीही पंचाईत. मग तिघं-चौघं कॉन्ट्री काढतात आणि दोन-तीन हजार डॉलरमध्ये बसणारी गाडी शोधू लागतात. या बजेटमध्ये जी नावं समोर येतात, त्यातली काही आपण कधी ऐकलेलीही नसतात. सॅटर्न, पाँटियाक, साब... शिवाय सुझुकी! म्हणजे आपल्या घरच्या मारुतीवाली सुझुकी, जिने अमेरिकेत गाड्या विकणं कधीच थांबवलंय.

या गाड्या स्वस्त का असतात? कारण त्यांना वाली नाही, असा बाजाराचा समज असतो. शोरूम बंद, ब्रँड बंद, सुटे भाग मिळतील की नाही याची धाकधूक. विद्यार्थ्याला मात्र हाच सौदा परवडतो. दोन वर्षं चालवायची, डिग्री घ्यायची, पुढच्या बॅचला विकून मोकळं व्हायचं. या साखळीत गाडी तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या मालकाकडे जाते. चावी हातोहात पुढे जाते, पण एक कागद बऱ्याचदा मागेच राहतो. रिकॉलचं पत्र.

रिकॉल म्हणजे नक्की काय?

एखाद्या मॉडेलमध्ये सुरक्षेला धोका ठरेल असा दोष निघाला, तर कंपनीने त्या गाड्या परत बोलवायच्या आणि दोष फुकट दुरुस्त करून द्यायचा, म्हणजे रिकॉल. अमेरिकेत हा कायदा १९६६ चा. त्यावर देखरेख ठेवते राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन, म्हणजेच एनएचटीएसए. दोष जाहीर झाला की, कंपनीने मालकांना साठ दिवसांच्या आत पत्र पाठवायचं असतं. सुटा भागही फुकट आणि मजुरीही फुकट. तुम्ही पहिले मालक आहात की पाचवे, याने काही फरक पडत नाही, कारण रिकॉल गाडीचा असतो, माणसाचा नाही.

वयाची एक अट मात्र आहे. रिकॉल जाहीर होताना गाडी पहिल्यांदा विकली जाऊन १५ वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला असेल, तर फुकट दुरुस्ती करून देण्याचं कायद्याचं बंधन कंपनीवर राहत नाही. आधी ही मर्यादा १० वर्षांची होती, २०१५ च्या कायद्याने ती वाढवली. मोठ्या रिकॉलमध्ये कंपन्या अनेकदा त्याहून जुन्या गाड्यांचंही काम करून देतात. त्यामुळे ‘गाडी म्हातारी झाली, आता कोण विचारतंय’ असं स्वतःच ठरवून टाकू नका.

‘कंपनी बंद पडली’ म्हणजे काय झालं?

आपण सरसकट ‘बंद पडली’ म्हणतो, पण त्याचे तीन प्रकार आहेत आणि तुमच्या गाडीचा वारस कोण, हे त्यावरच ठरतं.

पहिला प्रकार : ब्रँड गेला, पण आई जिवंत आहे. सॅटर्न आणि पाँटियाक हे दोन्ही जनरल मोटर्सचे ब्रँड. २००९ मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली आणि सरकारी मदतीने पुन्हा उभी राहिली, तेव्हा हे ब्रँड बंद करण्यात आले. २०१० संपेपर्यंत दोन्ही दुकानं गुंडाळली गेली होती. पण या गाड्यांच्या रिकॉलची जबाबदारी नव्या जनरल मोटर्सने स्वतःकडे घेतली.

दुसरा प्रकार : कंपनी ठणठणीत आहे, पण त्या देशातून गेली. अमेरिकेतल्या सुझुकीच्या उपकंपनीने नोव्हेंबर २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिथली कारविक्री थांबवली. तरी पुढे २०१४ मध्ये सुझुकीने तिथे फोरेन्झा आणि रेनो या मॉडेलच्या सुमारे १ लाख ८४ हजार गाड्या रिकॉल केल्या. हेडलाइटच्या वायरिंगमधला एक भाग तापून आग लागण्याचा धोका होता. गंमत म्हणजे, या गाड्यांवर नाव सुझुकीचं असलं तरी त्या बनवल्या होत्या कोरियातल्या जीएम देवूने. आणि ही फोरेन्झा आपल्या ओळखीची आहे बरं का! तीच गाडी भारतात शेवरले ऑप्ट्रा म्हणून विकली जायची.

तिसरा प्रकार : कंपनीच संपली. साब या स्वीडिश कंपनीने डिसेंबर २०११ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्याआधी बरीच वर्षं ती जनरल मोटर्सच्या मालकीची होती. त्यामुळे त्या काळातल्या गाड्यांचे रिकॉल जनरल मोटर्सकडे आले. पण साब ९-२एक्स नावाची छोटी गाडी मुळात जपानच्या सुबारूने बनवलेली, तिचा एअरबॅगचा रिकॉल सुबारूने काढला. म्हणजे बॉनेटवर चिन्ह एकच, पण वारस दोन! म्हणूनच बॉनेटवरचं नाव बघून काही ठरवायचं नाही.

एका चावीची गोष्ट

हे सगळं इतकं गंभीरपणे का घ्यायचं? त्यासाठी सॅटर्न आयनची गोष्ट ऐका.

२००३ ते २००७ या मॉडेल-वर्षांची ही गाडी कॉलेजच्या मुलांची, पहिल्या नोकरीवाल्यांची. स्वस्त आणि साधी. तिच्या इग्निशन स्विचमध्ये, म्हणजे जिथे आपण चावी फिरवतो तिथे, एक दोष होता. चावी ‘चालू’वर धरून ठेवणारी पकड फार ढिली होती. चावीला जड किचेन असेल, खड्ड्यातून गाडी आदळली किंवा ड्रायव्हरचा गुडघा लागला, तर चावी आपोआप मागे सरकायची. धावत्या गाडीचं इंजिन बंद! स्टिअरिंग जड व्हायचं, ब्रेकची मदत जायची आणि सगळ्यात भयंकर म्हणजे एअरबॅगही बंद पडायच्या. ज्या क्षणी एअरबॅगची सगळ्यात जास्त गरज, त्याच क्षणी ती उघडायची नाही.

हाच स्विच शेवरले कोबाल्ट, पाँटियाक जी५, सॅटर्न स्काय अशा इतर छोट्या गाड्यांतही होता. कंपनीतल्या लोकांना या त्रासाची कुणकुण जवळपास दहा वर्षं होती. रिकॉल निघाला तो २०१४ च्या फेब्रुवारीत. तोपर्यंत सॅटर्न आणि पाँटियाक ही नावं इतिहासजमा होऊन चार वर्षं झाली होती! आकडा फुगत फुगत जगभरात २६ लाख गाड्यांवर गेला. पुढे नेमलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषाशी जोडलेले म्हणून मान्य केले. त्यातले बरेच जण तरुण होते. २०१५ मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकी सरकारला ९० कोटी डॉलर देऊन फौजदारी प्रकरण मिटवलं.

या गोष्टीत जुनी गाडी घेणाऱ्यासाठी दोन धडे आहेत. एक, मधल्या काळात स्विच सुधारला गेला होता, पण सुधारताना पार्टचा नंबर बदललाच नाही. त्यामुळे नंतर बनलेल्या चांगल्या गाड्यांमध्येही दुरुस्तीच्या वेळी जुना, सदोष स्विच बसला असण्याची शक्यता राहिली. परिणामी मार्च २०१४ मध्ये २०११ पर्यंतच्या गाड्याही रिकॉलमध्ये घ्याव्या लागल्या. ‘माझी गाडी नंतरची आहे, मला काय होतंय’ ही समजूत इथे कोसळते. दुसरा, दुरुस्ती होईपर्यंत मालकांना सांगितलेला उपाय अगदी साधा होता : किचेन काढा, फक्त एकटी चावी लावा. एवढ्याशा माहितीनेही धोका कमी होत होता. पण ती मिळाली त्यांनाच, ज्यांच्यापर्यंत पत्र पोहोचलं किंवा ज्यांनी स्वतः शोधलं.

नव्या जनरल मोटर्सने नंतर कोर्टात असाही पवित्रा घेतला की, दिवाळखोरीआधीच्या गाड्यांचे दावे जुन्या कंपनीवर करा, आमच्यावर नाही. २०१६ मध्ये अपील कोर्टाने इग्निशन स्विचच्या प्रकरणात ही ढाल चालणार नाही, असं सांगितलं. रिकॉलची दुरुस्ती मिळणं आणि अपघाताची भरपाई मिळणं या दोन वेगळ्या लढाया आहेत. पहिली फुकट आणि सोपी आहे. ती आधीच उरकून टाकली तर दुसरीची वेळच येऊ नये.

एअरबॅग बनवणाराही गेला

आता दुसरं प्रकरण, सगळ्यात मोठं. टकाटा ही जपानी कंपनी जगभरच्या कार कंपन्यांना एअरबॅग पुरवायची. एअरबॅग फुगते ती एका छोट्या धातूच्या डब्यातल्या स्फोटकामुळे. या डब्याला इन्फ्लेटर म्हणतात. टकाटाने त्यात अमोनियम नायट्रेट वापरलं. वर्षानुवर्षं दमट हवा आणि दिवस-रात्रीच्या तापमानाचा चढउतार सोसून हे स्फोटक बिघडतं. मग अपघातात ते हवं त्यापेक्षा जोरात पेटतं आणि डबा फुटून धातूचे तुकडे ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर, मानेवर उडतात. ज्या वस्तूने जीव वाचवायचा, तीच जीव घेते. साध्या धडकेतही हे झालंय.

अमेरिकेत अशा सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅग रिकॉलमध्ये आल्या, तिथल्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा रिकॉल. २५ हून अधिक मृत्यू एकट्या अमेरिकेत नोंदले गेलेत. २०१७ च्या सुरुवातीला टकाटाने अमेरिकी कोर्टात गुन्हा कबूल केला आणि त्याच वर्षी जूनमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिचा बराचसा धंदा दुसऱ्या कंपनीने विकत घेतला.

आता साब घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याची अवस्था बघा. गाडी बनवणारी कंपनी गेली, एअरबॅग बनवणारी कंपनीही गेली. तरीही २०१६ मध्ये जनरल मोटर्सने साब ९-३, साब ९-५ आणि सॅटर्न अॅस्ट्रा या गाड्या टकाटा एअरबॅगसाठी रिकॉल केल्या. तीनही मॉडेलची नवी गाडी तेव्हा शोरूममध्ये मिळत नव्हती. टोयोटा मॅट्रिक्सची जुळी बहीण असलेली पाँटियाक व्हाइब अजून एक उदाहरण. कॅलिफोर्नियात ज्या कारखान्यात ती बनायची, तिथे आज टेस्लाच्या गाड्या बनतात! जानेवारी २०२४ मध्ये जुन्या कोरोला, मॅट्रिक्स आणि व्हाइबच्या मालकांना थेट इशारा दिला गेला : एअरबॅग बदलेपर्यंत गाडी चालवूच नका. वीस वर्षांच्या गाड्या होत्या या. पाँटियाक बंद होऊन चौदा वर्षं उलटली होती.

यात लक्षात ठेवण्यासारखी बाब म्हणजे हा दोष वयाबरोबर वाढतो. दहा वर्षं काही झालं नाही म्हणून अकराव्या वर्षी होणार नाही, असं इथे नसतं. गाडी जितकी जुनी, फ्लोरिडासारख्या उष्ण-दमट भागात जितकी जास्त राहिलेली, तितकी जोखीम मोठी.

वारसच नसेल तर?

२०२४ मध्ये फिस्कर ही इलेक्ट्रिक गाड्यांची कंपनी बुडाली. तिच्या ओशन या गाडीवर काही रिकॉल बाकी होते. कंपनीने आधी सांगितलं की, सुटे भाग आम्ही देऊ, मजुरी मालकांनी भरावी. एनएचटीएसए आणि अमेरिकी सरकारच्या वकिलांनी त्यावर हरकत घेतली. कायदा स्पष्ट आहे, रिकॉलची दुरुस्ती पूर्ण फुकट झाली पाहिजे, दिवाळखोरीचा अर्ज केल्याने ती जबाबदारी पुसली जात नाही. शेवटी कंपनीला माघार घ्यावी लागली.

कागदावर हा मालकांचा विजय. पण ज्या कंपनीची तिजोरी रिकामी आहे, मेकॅनिक निघून गेलेत, तिच्याकडून काम करून घेणं किती कटकटीचं असतं, हे त्या मालकांनाच विचारा. म्हणून अशी गाडी घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा : आज, या क्षणी, या गाडीचं रिकॉलचं काम करून देणारा जिवंत माणूस कुठे बसलाय? उत्तर मिळालं तर पुढे बोला. नाही मिळालं तर गाडी कितीही देखणी असो, हात जोडा आणि निघा.

पत्र का पोहोचत नाही?

रिकॉलचं पत्र गाडीच्या नोंदणीवर असलेल्या पत्त्यावर जातं. विद्यार्थ्यांचा पत्ता दर सेमिस्टरला बदलतो. कुणी नोंदणी स्वतःच्या नावावर करायला वेळ लावतो, कुणी जुन्या अपार्टमेंटचाच पत्ता ठेवतो. पत्र आलंच तरी ते जाहिरातींच्या गठ्ठ्यासोबत कचऱ्यात जातं. बंद पडलेल्या ब्रँडच्या बाबतीत तर अजून एक घोळ : साबच्या मालकाला जनरल मोटर्सचं पत्र आलं, तर ‘आपली कुठे जीएमची गाडी’ म्हणून तो ते फोडतही नाही.

‘पण मी डीलरकडून घेतोय, तो बघेलच की!’ इथे बहुतेक जण फसतात. अमेरिकेत नवी गाडी रिकॉलचं काम केल्याशिवाय ग्राहकाला देता येत नाही. ३५ पेक्षा जास्त गाड्या असलेल्या भाड्याच्या कंपन्यांनाही २०१६ पासून अशी गाडी भाड्याने देता येत नाही. वापरलेली गाडी मात्र बाकी असलेल्या रिकॉलसकट विकायला तिथला केंद्रीय कायदा मनाई करत नाही. डीलरला ती विकता येते आणि तुमचा सिनिअर तर साधा माणूस, त्याला स्वतःलाच माहीत नसतं.

पाच मिनिटांचं काम

करायचं काय, ते क्रमाने बघू.

१. विन मागा. प्रत्येक गाडीला १७ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो, त्याला विन म्हणतात. ड्रायव्हरच्या बाजूला काचेतून डॅशबोर्डवर तो दिसतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, शिवाय नोंदणीच्या कागदावर आणि इन्शुरन्स कार्डवरही. विकणाऱ्याला सांगा, ‘भाई, डॅशबोर्डवरच्या विनचा फोटो टाक.’ जो द्यायला कां-कूं करतो, त्याच्याकडून गाडी घेऊ नका. विनमध्ये इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. त्यामुळे गोल दिसलं की ते शून्य समजा. डॅशबोर्डवरचा, दारावरचा आणि कागदावरचा क्रमांक एकच आहे ना, हेही पडताळा.

२. एनएचटीएसएच्या साइटवर विन टाका. ही सोय २०१४ पासून आहे, फुकट आहे, लॉगिन लागत नाही. दुरुस्त न झालेला रिकॉल असेल तर लगेच दिसतो. दोष काय, धोका काय, उपाय मिळतोय की अजून तयार व्हायचाय, सगळं.

३. ‘शून्य’ दिसलं तरी थांबू नका. जुन्या गाड्यांसाठी ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. विनच्या शोधात १५ वर्षांपेक्षा जुने रिकॉल साधारणपणे दिसत नाहीत. काही छोट्या कंपन्यांचे रिकॉल त्यात नसतात. नुकताच जाहीर झालेला रिकॉलही तिथे यायला वेळ लागू शकतो. अमेरिकेबाहेरून आलेल्या गाडीचीही माहिती मिळत नाही. म्हणून त्याच साइटवर कंपनी, मॉडेल आणि वर्ष टाकून पुन्हा शोधा. त्या मॉडेलचे जुने रिकॉलही यादीत येतात. एखादा लागू असेल तर विकणाऱ्याकडे दुरुस्तीची पावती मागा.

४. वारसाला फोन करा. सॅटर्न, पाँटियाक, साबसाठी जनरल मोटर्सची ग्राहक सेवा, सुझुकीसाठी सुझुकीची. विन सांगा आणि दोनच प्रश्न विचारा : काही बाकी आहे का, आणि काम जवळ कुठे होईल? डीलरकडे जाऊन ‘तुमच्याकडे हा ब्रँड नाही’ असं ऐकून परत येण्यापेक्षा हे बरं.

५. कागद ‘साल्व्हेज’चा आहे का बघा. म्हणजे मोठ्या अपघातात निकाली निघालेली आणि पुन्हा उभी केलेली गाडी. तिच्यात एअरबॅग भंगारातल्या दुसऱ्या गाडीची असू शकते आणि ती गोष्ट कुठलंही विन सांगणार नाही. अशी गाडी मेकॅनिककडून तपासल्याशिवाय घेऊच नका.

६. गाडी घेतल्यावर नोंदणीवर स्वतःचा खरा पत्ता घाला. एनएचटीएसएच्या सेफरकार अॅपमध्ये विन नोंदवून ठेवा, नवा रिकॉल आला की फोनवर कळतं. वर्षातून दोनदा पुन्हा तपासा आणि गाडी विकताना रिकॉलच्या पावत्या चावीबरोबर पुढच्याला द्या.

रिकॉल सापडला म्हणजे गाडी वाईट, असा अर्थ काढू नका. काम झालेली जुनी गाडी उत्तम. काम बाकी असेल पण उपाय उपलब्ध असेल, तर व्यवहाराआधी विकणाऱ्यालाच ते करून आणायला सांगा. पैसे लागत नाहीत, मग त्याला अडचण काय? ‘चालवू नका’ असा इशारा असेल तर टेस्ट ड्राइव्हसुद्धा नको.

आणि आपल्याकडे?

अमेरिकेला जायचं नसेल तरी हा विषय तुमच्या पार्किंगमध्ये उभा असू शकतो. जनरल मोटर्सचा एक कारखाना पुण्याजवळ तळेगावला होता. २०१७ अखेर कंपनीने भारतात शेवरले गाड्या विकणं थांबवलं, २०२० च्या शेवटी तळेगावचं उत्पादनही थांबलं आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. पण स्पार्क, बीट, टवेरा, फिगो रस्त्यावर आजही दिसतात. कॉलेजच्या मुलांना पहिली गाडी म्हणून घरातून हीच मिळते किंवा सेकंड हँड बाजारात हीच परवडते.

यातल्या काहींचे रिकॉल निघाले होते. २०१५ मध्ये जनरल मोटर्स इंडियाने स्पार्क, बीट आणि एन्जॉय मिळून सुमारे १ लाख ५५ हजार गाड्या रिमोट कीलेस एंट्रीतल्या दोषासाठी परत बोलावल्या होत्या. २००७ ते २०१४ मध्ये बनलेल्या या गाड्या. तुमच्या घरच्या बीटचं ते काम झालंय का? तिच्या पहिल्या मालकाला माहीत असेल, तुम्हाला नसेल. टकाटाची झळही इथे पोहोचली. एकट्या होंडाने जुलै २०१६ मध्ये सुमारे १ लाख ९० हजार जुन्या गाड्या त्यासाठी रिकॉल केल्या. होंडा बंद पडलेली नाही, पण गाड्या जुन्या आहेत आणि आपली मुंबई-कोकणची हवा काही कोरडी नाही.

आपल्याकडे २०१२ पासून वाहन कंपन्यांच्या ‘सियाम’ या संघटनेची ऐच्छिक रिकॉलची पद्धत आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला कलम ११०ए आलं आणि सरकारला सक्तीने रिकॉल करायला लावण्याचा अधिकार मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. पण ते सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी. म्हणजे भारत सोडून गेलेल्या कंपनीची दहा-बारा वर्षं जुनी गाडी या सक्तीच्या बाहेर पडते. तिथे तुमची सावधगिरी हाच आधार.

पीयूसीवाला धूर बघतो, एअरबॅगच्या पोटात काय आहे ते बघत नाही. तेव्हा आरसीवरचा चॅसी नंबर घ्या, तोच तुमचा विन. कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉल तपासायची सोय असेल तर तो तिथे टाका, नाहीतर ग्राहक सेवेला विचारा. ‘सियाम’च्या साइटवर कंपन्यांनी जाहीर केलेल्या रिकॉलची यादी असते, त्यात मॉडेल आणि उत्पादनाचा काळ बघा. ओळखीच्या गॅरेजवाल्याला विचारायला हरकत नाही, पण त्याचं ‘काही नसतं हो असलं’ हे उत्तर म्हणून धरू नका.

आजच घरच्या गाडीची आरसी काढा आणि चॅसी नंबरचा फोटो फोनमध्ये ठेवा. अमेरिकेतल्या दादा-ताईला हा लेख फॉरवर्ड करा आणि विचारा, ‘तुझ्या गाडीचा विन काय?’ जुनी गाडी चालवण्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. फक्त ती बनवणारे शटर ओढून निघून गेले असतील, तर तिची चौकशी करणारं आता घरातलंच कुणीतरी हवं.